आवाजातलं धरायचं नाही

मन्मथअप्पांना आवाज सहन होत नाही, आणि ही गोष्ट ते निम्म्या परळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात.

शेजारी कुणाच्या कुकरची शिट्टी झाली की अप्पा गॅलरीत येतात. "डाळ शिजली म्हणायची. साऱ्या गल्लीला कळलं. नोंद घ्यावी." 'नोंद घ्यावी' हे त्यांचं पालुपद. कधीकाळी ते कुठल्याशा व्यापारी मंडळाचे वर्षभर सचिव होते. पद गेलं, वाक्य राहिलं. चहात साखर कमी पडली तरी नोंद घ्यावी, कुणी वारलं तरी नोंद घ्यावी. नोंद नेमकी कुणी घ्यायची, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

त्यांचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आता मुलगा बघतो. त्यामुळे अप्पांना दिवसभर बघायला फक्त आमची कॉलनी उरली आहे. आमच्या बाबांच्या स्कूटरचा सायलेन्सर फुटका आहे. तिच्यावर त्यांचा विशेष राग. "तुमची स्कूटर चालू झाली की माझ्या दुकानातले खिळे आपोआप ठोकले जातेत," असं ते बाबांना दर आठवड्याला ऐकवायचे.

मी त्यांच्या शेजारी राहते आणि होता होईल तो त्यांना टाळते. गच्चीवर जाताना मी कानात हेडफोन घालते. त्यात काही चालू नसतं. हेडफोन दिसले की लोक बोलत नाहीत, एवढाच त्यांचा उपयोग. अप्पांवर मात्र त्यांचा परिणाम होत नाही. ते आणखी मोठ्याने बोलतात.

पण कुकर आणि स्कूटर ही किरकोळ प्रकरणं होती. अप्पांचा खरा शत्रू वरून यायचा.

कॉलनीच्या मागे कॉलेजचं मैदान आहे. तिथे चुन्याने एक मोठं वर्तुळ आणि आत इंग्रजी 'एच' काढून हेलिपॅड केलेलं होतं. सुरुवातीला निवडणुकीपुरतं कुणी यायचं. मग साहेब लोकांना सवय लागली. रस्त्याने यायचं तर खड्डे लागतात, आणि ते खड्डे कुणाचे हे त्यांना ठाऊक असतं. मग कुणाच्या दहाव्याला हेलिकॉप्टर, कुणाच्या साखरपुड्याला हेलिकॉप्टर, चौकातला एक दिवा लावायला हेलिकॉप्टर. आमच्या नळाला आठवड्याने पाणी येतं, पण साहेबांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून मैदानावर टँकर रिकामे व्हायचे. आणि पंखा फिरला की थर्मल वीजकेंद्राची जी राख आमच्या गच्च्यांवर पडून असते, ती उठून सगळ्या घरांत सारखी वाटली जायची. आमच्या भागात समान वाटप एवढ्याच गोष्टीचं झालं आहे.

अप्पांनी या हेलिकॉप्टरविरुद्ध मोहीम काढली. मी इंग्रजी शाळेत शिकले, हा माझा गुन्हा. ते एका सकाळी थेट आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"पोरी, अर्ज लिव्ह. इंग्लिशमदी. मराठी अर्ज म्हंजे रद्दी. इंग्लिश दिसलं की साहेब लोक दचकतेत."

"काय लिहू?"

"लिव्ह, सदर हेलिकॉप्टरमुळं आमच्या म्हशीनं दूध देणं बंद केलं हाय."

"अप्पा, तुमच्याकडे म्हैस नाहीये."

"हेलिकॉप्टर हाय म्हणूनच घेतली न्हाई. नोंद घ्यावी."

मी म्हैस गाळली आणि बाकीचा अर्ज लिहिला. अप्पांनी तो कॉलनीभर फिरवला, प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवला. इंग्रजी त्यांना येत नसल्याने ते फक्त तालुक्याचं नाव वाचत आणि सहीची जागा दाखवत. लोकांनी निमूट सह्या केल्या. सही केली की अप्पा जातात, हे सगळ्यांना माहीत होतं.

फक्त एका घरी सही मागितली गेली नाही. अप्पांच्या भिंतीला भिंत लागून त्यांचे धाकटे भाऊ काशिनाथकाका राहतात. काकू वारल्या, मुलगा पुण्याला, घरात एकटेच. अप्पांचा आणि त्यांचा अबोला आहे, आणि कारण ऐकलं की हसावं का कपाळाला हात लावावा ते कळत नाही. काकांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत सगळ्यात वर एका साहेबांचं नाव छापलं होतं, फोटोसकट. अप्पांचं नाव खाली, दोन मेव्हणे आणि मंडपवाला यांच्यामध्ये. थोरल्या भावाचं नाव मंडपवाल्याच्या शेजारी. ते साहेब लग्नाला आलेही नाहीत. अप्पा आले, जेवले नाहीत, आणि त्या दिवसापासून भावाशी एक शब्द बोलले नाहीत.

आता बोलायचंच असलं तर भिंतीशी बोलतात. "ए भिंती, सांग त्या माणसाला, टाकी भरून वाहायलीय." भिंतीपलीकडून उत्तर यायचं, "भिंती, सांग दादाला, दिसतंय मला." सत्तरीला आलेली दोन माणसं आणि मध्ये बिचारी भिंत.

हेलिकॉप्टर आलं की मात्र दोघेही धावत गच्चीवर जायचे. काकांच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे, ती थडथडायची. अप्पांच्या गच्चीवर कुरडया नाहीतर कपडे वाळत असायचे. दोघे कठड्याच्या दोन बाजूंना उभे राहायचे, माना वर, आणि तोंडं चालू. आवाजात काही ऐकू यायचं नाही. मला वाटायचं, शिव्या देतात. अप्पांच्या बायकोला, महानंदाकाकूंना, मी एकदा तसं म्हटलंही. त्या नुसत्या हसल्या.

मग एके दिवशी हेलिकॉप्टर आलं, मैदानावर घिरटी घातली, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, न उतरता वळून थर्मलच्या चिमण्यांकडे निघून गेलं. आवाज तुटल्यासारखा गेला. अप्पांच्या ते लक्षात यायला उशीर झाला. त्यांची आरोळी शांत गच्च्यांवर एकटीच पडली.

"बीपीची गोळी घेतली का?"

आजूबाजूच्या गच्च्यांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. काशिनाथकाका एकदम पत्र्याचा खिळा तपासू लागले. अप्पांनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांना मी सापडले.

"तुला इचारलं," ते म्हणाले.

"अप्पा, मला बीपी नाही."

"हुईल. नोंद घ्यावी."

नंतर महानंदाकाकूंनी मला हळूच सांगितलं, "अगं, आवाजातलं बोलणं अबोल्यात धरत नसतेत. त्या दोघाचं तसं ठरलंय. म्हंजे बोलून न्हाई ठरलं. त्याचं जेवण, त्याची गोळी, पोराचा फोन आला का न्हाई, समदं तेवढ्यात इचारून घेतेत. हेलिकॉप्टर उतरलं की परत भिंत."

मला हे ऐकून दया आली नाही, खरं सांगायचं तर चीड आली. ज्या हेलिकॉप्टरच्या नावाने हा माणूस सगळ्या कॉलनीचं डोकं खातो, ते गेलं तर याच्या भावाशी बोलायची सोयच जाणार. आणि हे त्याला कळू नये?

कळलं होतं. पुढच्याच आठवड्यात अप्पा पुन्हा ओट्यावर आले. या वेळी आवाज खालचा होता.

"पोरी, तो अर्ज जरा ढिला करता येतो का?"

"अप्पा, तो केव्हाच गेला."

"इंग्लिश लई कडक लिवलंस का?"

"तुम्हीच म्हणालात, दचकले पाहिजेत."

"हां," ते म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

मैदानावर कॉलेजच्या वसतिगृहाचं बांधकाम निघालं म्हणून हेलिपॅड गावाबाहेर हललं. आमचा अर्ज बहुधा कुणी वाचलाही नसेल. पण कॉलनीने अप्पांचा सत्कार केला. शाल, नारळ, गळ्यात हार. बोला म्हणाले तर अप्पा म्हणाले, "शांतता झाली. नोंद घ्यावी." आणि खाली बसले. एवढं छोटं भाषण त्यांनी कधी केलं नव्हतं.

शांतता खरोखरच झाली. अप्पा कुकरलाही बोलेनात. दिवसातून चारदा गच्चीवर जायचे, रिकाम्या आकाशाकडे बघून खाली यायचे. अशात काशिनाथकाकांच्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी लातूरला मोठी तपासणी करून या म्हणून सांगितलं. सगळी गल्ली जाऊन विचारून आली. अप्पा भिंतीजवळ जायचे, उभे राहायचे, परत यायचे. भिंतीला टाकीचं सांगता येतं. छातीचं कसं विचारणार?

मग, ऐन थंडीत, त्यांनी कूलर गच्चीवर चढवला. आपला तो मोठा लोखंडी, पत्र्याचा, ट्रॅक्टरसारखा घरघरणारा. पाणी न घालता चालू केला आणि मफलर गुंडाळून समोर बसले. मी म्हटलं, झालं, आता हे पूर्ण गेले. पण पाच मिनिटांनी काशिनाथकाका शाल पांघरून कठड्यापलीकडे येऊन बसले. दोघांची तोंडं दोन दिशांना, ओठ चालू.

हे रोज संध्याकाळचं झालं. लोक हसायचे. मीही हसायचे.

लातूरला जायच्या आदल्या संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढत होते. कूलर घरघरत होता. आणि लाइट गेली. ज्या गावात वीज तयार होते त्या गावात ती न सांगता जाते. कूलर थांबला आणि अप्पांचं वाक्य मधेच उघडं पडलं.

"उद्या लातूरला एकला जाऊ नको, मी..."

पुढचं आलं नाही. अप्पांनी ओठ मिटले. काका समोरच्या टाकीकडे बघत राहिले, कान मात्र इकडे. लाइट येईना. अंधार पडायला लागला. काका गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या बेतात होते.

मी कपडे तिथेच टाकले आणि खाली आले. आई म्हणाली, "कुठं निघालीस?" मी म्हटलं, कुठे नाही. अंगणात बाबांची स्कूटर होती. मला ती नीट चालवताही येत नाही. किक मारली, पुन्हा मारली, लागली. स्टँडवर तशीच ठेवून मी रेस पिळून धरली. कानठळ्या बसतील असा आवाज. बाबा बाहेर येऊन खुणेने विचारत होते, काय झालं. मी वर बघितलं. कठड्यावर दोन डोकी दिसत होती. एकाचे ओठ हलले. मग दुसऱ्याची मान हलली. मी आणखी थोडा वेळ धरून ठेवली, काही राहिलं असेल तर तेही बोलून व्हावं म्हणून.

सकाळी दारात बसस्टँडला जायला रिक्षा उभी होती. काशिनाथकाका आत बसले. त्यांच्या शेजारी, पिशवी मांडीवर घेऊन, अप्पा बसले. दोघे दोन बाजूंना बाहेर बघत होते. मी पाणी शिंपत होते. हेडफोन घालायला विसरले होते.

"पोरी," अप्पा म्हणाले, "बाबाला सांग, सायलेन्सर बदलू नका."

"बरं."

"नोंद घ्यावी."

रिक्षावाल्याने इंजिन चालू केलं. जुनी डिझेलची रिक्षा, सगळी खडखडायला लागली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मला दिसत होतं, आत दोघांचीही तोंडं चालू होती.