तुळाजी भेकराच्या दोन आरोळ्या

एका जंगलात, म्हणजे आपल्यापासून चांगल्या लांबच्या जंगलात, नाहीतर तुमच्यापैकी कोणाचे तरी काका रागवायचे, तुळाजी नावाचा एक भेकर राहत होता.

भेकर माहीत नसेल तर सांगतो. बकरीएवढं तांबूस हरीण, पण कुत्र्यासारखं भुंकतं. वाघ दिसला की भेकर भुंकणार आणि बाकीचे पळणार, अशी कामाची वाटणी पूर्वापार ठरलेली होती.

त्या जंगलात एक रीत होती. आरोळी ऐकू आली की आधी पळायचं. काय दिसलं, कुठे दिसलं, हे धाप कमी झाल्यावर विचारायचं. खरं तर नंतरही कोणी विचारत नसे.

हसू नका. रीत मूर्खपणाची नव्हती. फार पूर्वी काही प्राणी खात्री करायला थांबत असत. त्यांना मुलंबाळं झाली नाहीत, तेवढा वेळच मिळाला नाही. आता उरले होते ते सगळे न विचारता पळालेल्यांचे नातू-पणतू होते.

तुळाजीच्या बायकोचं नाव भागू. तिला नवऱ्याचा भारी अभिमान. "सबंध जंगल आमच्या ह्यांच्या शब्दावर पळतं," असं ती पाणवठ्यावर रोज एकदा तरी म्हणायचीच. तुळाजी लाजून गवत खात राहायचा.

तर एका वर्षी नदीपलीकडच्या रानात घरघर नावाचा रोग आला. तीन दिवस घसा घरघरायचा, चौथ्या दिवशी थांबायचा. घशाबरोबर प्राणीही थांबायचा.

इकडे साळूबाई नावाची एक सायाळ होती. सायाळ म्हणजे तीच, अंगभर लांब काटे असलेली. तिने बरीच झाडं चाटून, बरीच मुळं उगाळून एक कडू रस शोधला. रसात काटा बुडवून टोचला की पाच दिवसांनी घरघर त्या प्राण्याच्या वाटेला जात नसे. तिने आधी स्वतःला टोचून घेतलं, मग नवऱ्याला. एक काटा एकदाच चालायचा. दर वेळी ती पाठीवरचा नवा काटा उपटायची, "आई गं" म्हणायची आणि "पुढचा कोण?" असं विचारायची.

वाघाने फर्मान काढलं. "सर्व प्रजेने लस घ्यावी. प्रजा धडधाकट राहावी अशी आमची मनापासून इच्छा आहे."

इथेच पहिली ठिणगी पडली.

"धडधाकट? कोणासाठी?" म्हातारा गवा म्हणाला. "जो आपल्याला खातो, तो आपण जगावं म्हणून एवढा का तळमळतोय?"

मुलांनो, प्रश्न अगदी बरोबर होता. साळूबाईनेही तो नाकारला नाही.

"खरं आहे," ती म्हणाली. "वाघाला तुम्ही धडधाकट हवे आहात. मलाही हवे आहात. त्याचं कारण वेगळं, माझं वेगळं."

"तुझं कारण काय?"

"तुम्ही माझे शेजारी आहात."

हे कारण कोणालाच पटलं नाही. स्वतःचे काटे उपटून दुसऱ्याला द्यायचे आणि बदल्यात काहीच घ्यायचं नाही, म्हणजे आत काहीतरी मोठं असणार, असं सगळ्यांनी ठरवलं.

"माझ्या आजोबांनी जन्मात लस घेतली नाही," गवा म्हणाला. "त्यांना कसलाही रोग झाला नाही."

"गेले कशाने?"

"वाघाने खाल्लं. पण तब्येत शेवटपर्यंत उत्तम."

तरीही एकोणीस प्राण्यांनी लस घेतली. विसावी होती चंद्रा चितळीण. सकाळी तिने पाय पुढे केला, काटा टोचून घेतला, आणि मान डोलवत निघून गेली.

दुपारी तुळाजी नेहमीप्रमाणे टेकडीवर उभा राहून टेहळणी करत होता. खाली झाडाखाली त्याला चंद्रा दिसली. ती उभी होती, मग डुलली, मग चारी पाय वर करून पडली. त्याच्या बापाने त्याला एकच विद्या शिकवली होती, ती त्याने वापरली. तो भुंकला.

जंगल पळालं.

लंगूर वरच्या फांद्यांवरून पळत होते, त्यामुळे बातमीही वरूनच गेली. लंगुरांचं तुम्हाला माहीत आहे. आलेलं पुढे पाठवायचं, मध्ये थांबून बघायचं नाही. "चंद्रा पडली" हे पहिल्या झाडावर. चौथ्या झाडावर "चंद्रा मेली". नाल्याजवळ पोचेपर्यंत तीन चितळिणी मेल्या होत्या. उन्हं उतरेपर्यंत असं कळलं, की लस घेतलेल्याची शेपूट गळते, दोन वर्षांत तो आटोपतो, आणि तोवर वाघाला त्याचा वास नदीपलीकडूनही येतो.

दुसऱ्या दिवशी चंद्रा स्वतः पाणवठ्यावर आली.

"अहो, मी जिवंत आहे."

"हे तुला कोणी बोलायला सांगितलं?" लंगूर म्हणाले.

"बघा ना, माझी शेपूटसुद्धा आहे."

"आधीची अशी नव्हती." गव्याने तिला निरखून पाहिलं. "ही चंद्रा नाहीच मुळी."

चार दिवस हेच ऐकल्यावर चंद्रालाही खात्री वाटेना. ती पाण्यात पुन्हा पुन्हा तोंड पाहू लागली.

आता तुळाजीकडे वळू. पळण्याची धांदल संपल्यावर त्याने एक अशी गोष्ट केली जी त्याच्या सात पिढ्यांत कोणी केली नव्हती. तो परत गेला आणि बघून आला. चंद्रा पडली होती ते मोहाचं झाड होतं. खाली फुलांचा सडा, चंद्राच्या ओठांना फुलं चिकटलेली, आणि ती झोपेत उचक्या देत होती. मोहाची फुलं पोटभर खाल्ली की वाघही आडवा होतो, ती तर बिचारी चितळीण.

वाघ आला हे सांगायला तुळाजीकडे आरोळी होती. बिबट्याची होती, अजगराची होती. "माझं चुकलं, परत या" अशी आरोळी त्याला बापाने शिकवलीच नव्हती. बापालाही ती माहीत नव्हती.

तो साध्या आवाजात सांगायला निघाला. पाणवठ्यावर म्हणाला, "मंडळी, माझी चूक झाली. ती मोहाची फुलं होती."

मग गवा हळूच म्हणाला, "ह्यालाही फोडला."

तुळाजीने सगळ्यांसमोर लस घेतली. "काटा कोरडा होता," लंगूर म्हणाले. त्याने दुसऱ्यांदा, रस ठिबकणारा काटा दाखवून घेतली. "बघा, दोनदा घ्यावी लागते, म्हणजे पहिली खोटी होती," लंगूर म्हणाले.

लोक त्याचं एवढंच मानत होते की तो पहिल्यांदा भुंकला तेव्हा भला होता.

आणि त्याच आठवड्यात घरघर नदी ओलांडून आली. आधी एक ससा गेला. "भित्राच होता तो," असं ठरलं. मग दोन मुंगसं गेली. "मुंगसांचं खाणं बरं नव्हतं." भागू मनाने मायाळू, जिथे कोणी आजारी तिथे ही हजर. आजाऱ्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारपूस करायची. तुळाजीचा जीव टांगणीला लागला.

"भागू, तू लस घे. मी हात जोडतो."

"अहो, असं काय करता? माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

"मग घे ना!"

"म्हणूनच घेत नाही. त्या दिवशी तुम्ही भुंकलात, मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. बायकोने नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही?"

"अगं, तेव्हा मी न बघता भुंकलो. आता बघून सांगतोय."

"मग आता खरं कोणतं धरायचं मी?"

"विचारायचं," तुळाजी काकुळतीला येऊन म्हणाला. "कोणी ओरडलं की विचारायचं, बाबा रे, तू काय पाहिलंस? मला विचार. मलासुद्धा विचार!"

भागूने हे लक्षात ठेवलं. ती नवऱ्याचं सगळंच लक्षात ठेवायची.

इकडे जंगलाने तुळाजीचा सत्कार ठरवला. आताच्या तुळाजीचा नव्हे, पहिल्या आरोळीचा. नदीकाठच्या माळावर सभा भरणार होती. माळाच्या एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी. घाईने बाहेर पडायला एकच वाट, ती म्हणजे करवंदीच्या जाळ्यांनी दोन्हीकडून दाटलेली अरुंद खिंड. नदीच्या घसरड्या काठानेही जाता येई, पण एकेकट्याने आणि जपून.

आदल्या दिवशी तुळाजी साळूबाईकडे गेला आणि त्याने आपला बेत सांगितला. तिने मान हलवली.

"विचारल्याशिवाय मी आजवर कोणाला टोचलं नाही, तुळाजी."

"मीही वाघ नसताना वाघाची आरोळी आजवर दिली नाही."

बरं वाटत नव्हतं दोघांनाही. मग तिने पाठ वळवली आणि म्हणाली, "उपट. सगळे उपट."

रस लावलेले काटे त्यांनी खिंडीतल्या करवंदींत खोचले. काही सशाच्या उंचीवर, काही गव्याच्या, काही लंगुरांसाठी वरच्या फांद्यांत. आजारी प्राण्याला कळू नये म्हणून कडू औषध गुळात घालतात ना, तसे त्यांनी काट्यांत काटे लपवले. सकाळपर्यंत साळूबाई उघडीबोडकी झाली होती. थंडीने कुडकुडत होती बिचारी.

सभा भरली. सगळं जंगल आलं. गव्याने तासभर भाषण केलं. तुळाजीच्या गळ्यात रानफुलांची माळ पडली आणि त्याला "सावधानभूषण" म्हणून जाहीर केलं गेलं. "आता दोन शब्द बोला," गवा म्हणाला.

तुळाजीने छाती भरून श्वास घेतला आणि वाघाची आरोळी दिली.

बाप रे, काय पळाले सगळे! गवा सर्वांत पुढे. ससे, डुकरं, चितळं, लंगूर, अख्खं जंगल त्या खिंडीत घुसलं. "करवंदी किती टोचतात ह्या!" असं ओरडत एकेक जण पलीकडे निघाला. काट्यामागून काटा कामी आला. माळ रिकामा झाला.

नाही. रिकामा नव्हता. मधोमध भागू उभी होती.

ती पळाली नव्हती. त्या जंगलात आरोळी ऐकून जागेवर उभी राहिलेली ती पहिली. तिने शांतपणे चारी बाजूंना पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, कुठे आहे वाघ?"

तुळाजीला बोट दाखवून सांगता आलं असतं, तो बघ कड्याखाली, पळ! एवढंच. जंगलाशी खोटं बोलायला त्याला एक श्वास पुरला होता. भागू समोर उभी राहून विचारत होती, आणि त्याचं तोंड उघडेना.

"वाघ नाही," तो शेवटी म्हणाला. "खिंडीत लस आहे. भागू, तुझ्यासाठी केलं गं हे सगळं. जा ना तिकडून."

भागूला राग आला नव्हता. तिला वाईट वाटलं होतं.

"तुम्ही खोटं ओरडलात," ती म्हणाली, आणि नदीच्या घसरड्या काठाने, एकेक पाऊल जपून टाकत, घरी गेली.

नवव्या दिवशी तिचा घसा घरघरू लागला. तुळाजी तिच्याजवळून हलला नाही. बाराव्या दिवशी ती गेली. मला ही गोष्ट इथेच थांबवावीशी वाटते. पण तुम्ही तात्पर्यासाठी बसला आहात.

भागूनंतर त्या जंगलात घरघरीने कोणीच गेलं नाही. नदीपलीकडचं रान ओस पडलं, इकडे मात्र सगळे गुटगुटीत. महिन्याने मोठी सभा भरली. तुळाजीवर दोन आरोप होते. वाघ नसताना ओरडून जंगलाची धावपळ केली हा एक, आणि स्वतः लस घेऊन तिची बाधा बायकोला दिली हा दुसरा.

"काही सांगायचंय?" गव्याने विचारलं.

साळूबाईने त्याला कोपराने ढोसलं. तेव्हा तुळाजीने सगळं सांगितलं. काटे, करवंदी, खिंड, काहीही न लपवता.

मग गव्याला हसू आवरेना, आणि त्याच्याबरोबर सबंध सभा पोट धरून हसली.

"आम्हाला? लस?" गवा डोळे पुसत म्हणाला. "अरे, आमच्याकडे बघ! एकजण तरी खोकतोय का? लस दिली असती तर असे राहिलो असतो?"

तुळाजीची माळ काढून घेतली आणि त्याला नदीपलीकडच्या ओस रानात पाठवलं. साळूबाईला काटे पुन्हा फुटेपर्यंत कोणी सभेत बसू दिलं नाही, कारण ती तशी बरी दिसत नव्हती.

तात्पर्य, सगळ्यांनी वहीत उतरवून घ्या : आरडाओरडा ऐकला की डोळे मिटून पळावं, खरं-खोटं विचारत थांबू नये. त्या जंगलात एकीने विचारलं होतं. बाकी सगळे सुखरूप आहेत.