चूक वाचता आली पाहिजे

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की तंजावुरात, माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर, एक गृहस्थ गेली तीन वर्षं चुका सुवाच्य करण्याचं काम विनावेतन करीत आहेत. दुरुस्त करण्याचं नव्हे. तसले लोक पुष्कळ आहेत. आमचे व्यंकटराव एवढंच पाहतात, की चूक झालीच तर ती माणसाला वाचता यावी.

पोटासाठी ते एका कंपनीचं काम घरी बसून करतात. जीव मात्र अडकलाय एका प्रोग्रामिंगच्या भाषेत. जगभरचे हौशी लोक मिळून ती घडवतात. तिच्यात लिहिलेला प्रोग्राम कोसळला, की संगणक चाळीस ओळी ओकतो: ह्यानं त्याला काम सांगितलं, त्यानं तिसऱ्याला, तिसऱ्यानं चौथ्याला, आणि चौथा तोंडावर पडला.

"माझ्या लग्नात सांबार कमी पडलं तेव्हा अगदी असंच झालं होतं," मी म्हणालो.

"तेच!" व्यंकटराव हसले नाहीत. ते हसत नाहीत. "पण उपाशी माणसाला चाळीस पाहुण्यांची नावं कशाला पाह्जेत? सांबार कुठे अडकलं, तेवढं सांगा. बाकीचं घडी घालून ठेवा. ज्याला पाह्जे तो उघडेल."

म्हणून त्या ओळी लिहिण्याचे त्यांचे नियम: शेवटी काय घडलं ते आधी. ओळी मोजक्या. आणि वाचणाऱ्याला जे ठाऊकच आहे, ते लिहायचं नाही. शेवटची ओळ वर असावी की खाली, यावर कुठल्याशा जर्मन माणसाशी त्यांचा तीन आठवडे वाद चालला. जिंकले, त्या दिवशी मला जांगरी, म्हणजे इकडची उडदाची जिलबी, खाऊ घातली. अर्धी.

हे नियम संगणकापुरते राहिले असते तर माझी तक्रार नव्हती. एकदा मी तिरुवैयारूच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडलो आणि लंगडत, कण्हत त्यांच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसलो. सुरुवात केली, "सकाळी बायको म्हणाली, वांगी आणा..."

"झेरॉक्स, शेवटची ओळ आधी!"

"पाय मोडलाय हो!"

"हं. आता हळूहळू मागे चल."

वांग्यांपर्यंत पोचेतो पाय भोपळ्याएवढा सुजला.

माझ्या दुकानातले एका बाजूनं कोरे राहिलेले रद्दी कागद ते रोज मागून नेत. मला वाटे, जर्मनाला शिव्या लिहिण्यासाठी असतील. एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं, ते अक्कासाठी होते.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईमागं हिनंच त्यांना वाढवलं. आता ती उठून स्वयंपाकघरात जाते आणि मधेच उभी राहते. "मी इथे कशाला आले?" भिंतीला विचारते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा व्यंकटरावांनी तिला सगळं समजावून सांगितलं, सकाळपासूनचं, आणि ती रडायला लागली. चाळीस ओळी तिलाही झेपल्या नाहीत.

तेव्हापासून ती उठली की ते विचारतात, "कुठे, अक्का?" आणि ती दारापर्यंत पोचायच्या आत तिच्या हातात चिठ्ठी देतात. भाषा तंजावुरी मराठी, लिपी तमिळ. अक्काला देवनागरी येत नाही. घडीच्या बाहेर एक ओळ: काय करायचं. आत दोन-तीन: कुणासाठी, का. चिठ्ठी हातानंच लिहायची. छापलेली दिसली की अक्का विचारते, "सरकारी अहे काय?"

मग चेन्नईहून तिच्या मुलाचा, सुंदरचा फोन आला. त्यानं तिकडे म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा पाहून ठेवली होती. रविवारी येतो म्हणाला. अम्मा माणसं ओळखत असेल तर राहू दे तुझ्याकडे. नाहीतर घेऊन जाईन.

रविवारी सकाळी व्यंकटरावांनी मलाही बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, गुंडी एक घर चुकली होती. मी सांगितली नाही. आज त्यांच्या वाटणीला आणखी एक चूक कशाला?

सुंदर आल्यावर आम्ही तिघं तिण्णैवर बसलो, अक्का उंबऱ्याशी. अक्का उठली. "कुठे, अक्का?"

"कॉफी."

व्यंकटरावांनी चिठ्ठी लिहिली. अक्षर मोत्यासारखं. बाहेर: कॉफी कर. आत: तुझा सुंदर आलाय. समोरचा झेरॉक्सवाला पण आलाय. संपलं. स्वतःचं नाव त्यांनी नियमाप्रमाणे गाळलं.

आतून भांड्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. सुंदर उठायला लागला, व्यंकटरावांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

अक्का आली. ट्रेमध्ये कॉफी, वर फेस.

"सुंदर, घे राजा. साखर कमी अहे तुझी." त्याचे डोळे भरले. "झेरॉक्स, ही तुझी."

"अम्मा फर्स्ट क्लास आहे, मामा," सुंदर तमिळमध्ये म्हणाला. "मी उगीच घाबरलो." व्यंकटराव हसले. मी शपथेवर सांगतो, हसले.

ट्रे रिकामा होता. पेले दोनच.

"अम्मा," सुंदर हळूच म्हणाला, "आणि मामाला?"

अक्कानं कमरेची चिठ्ठी काढली, घडी उलगडली, बोट फिरवत दोनदा वाचली. मग व्यंकटरावांकडे पाहिलं, पदर सावरला, परक्या माणसासमोर सावरतात तसा. आणि सुंदरला विचारलं,

"चिठ्ठी तर आमच्या व्यंकूच्या अक्षरातली अहे. हे कोण बसलेत?"