गर्दीतले अमादेओकाका

प्लेनोतले आमचे शेजारी अमादेओकाका अंडी आणायला जातात तेही वेषांतर करून. टेक्सासच्या भर उन्हाळ्यात डोक्यावर लोकरी टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि गळ्यात मफलर. कारण विचारलं, की आजूबाजूला बघून आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत कुजबुजतात, "लोक ओळखतात."

कोण लोक, ते मला आजवर दिसलेलं नाही. काका एके काळी चिलीत फुटबॉल खेळत. फॉरवर्ड. त्यांनी गोल केला, की गावातला न्हावी दिवसभर फुकट दाढी करून द्यायचा म्हणे. एका बेकरीवाल्याने तर त्यांच्या नावाचा पाव काढला होता.

"चांगला होता का पाव?" मी विचारलं.

"भिकार. पण संपायचा."

मला हा माणूस तेव्हाच आवडला. पण ही सगळी कीर्ती तिकडची. इथे आमच्या गल्लीत त्यांना ओळखतो तो फक्त समोरच्यांचा कुत्रा, आणि तोही भुंकतो. तरी दुकानात काका माझ्या पाठीमागे दडून उभे राहतात. "त्रान्किलो," म्हणतात, म्हणजे शांतपणे घे. "गर्दी झालीच, तर मी मागच्या दाराने निघतो."

आता, मराठी माणसाला कुणी माजी असामी सापडली, की तिचा सत्कार केल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या मंडळाच्या मुलांची सॉकर स्पर्धा होती. मी काकांचं नाव सुचवलं. आमचा अध्यक्ष निखिल म्हणाला, "चालेल, पण क्रिकेटमधलं कुणी अव्हेलेबल नाहीये का, यार?"

काकांनी एकच अट घातली, संध्याकाळच्या चहाला घरी पोचवायचं. शाल झाली, नारळ झाला, टाळ्या झाल्या, आणि बटाटेवडे आले म्हटल्यावर सगळं मंडळ तिकडे पळालं. सही मागायला कुणी फिरकलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र मजेत वडा खात होते.

परतल्यावर गाडी त्यांच्या दारात थांबवली. काका उतरेनात. टोपी काढून, आरशात बघून त्यांनी केस विस्कटले, कॉलर चुरगाळली, शर्ट अर्धा बाहेर ओढला.

"मार्ताला हल्लीचं काही आठवत नाही," ते म्हणाले. मार्ताकाकू म्हणजे त्यांची बायको. "तिच्या लेखी मी अजून खेळतो. बाहेर निघालो, की लोक मला चेंगरतील म्हणून घाबरते. टोपी, मफलर, सगळं तीच मला घालते. पण नीटनेटका परत आलो, तर विचारते, लोक विसरले का रे तुला? आणि रडायला लागते. मला नाही बघवत."

दार काकूंनीच उघडलं. नवऱ्याचा अवतार बघून त्या चुकचुकल्या. बोटांनी केस सारखे केले, कॉलर नीट बसवली. मग काळजीने माझ्याकडे वळल्या. "फार त्रास दिला का रे लोकांनी?"

मला खोटं बोलता येत नाही, असं माझी बायको म्हणते. त्या दिवशी आलं.

"विचारू नका, काकू. सोडतच नव्हते. कसंबसं बाहेर काढून आणलंय."

काकूंचा चेहरा खुलला. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"मग उद्याही जाशील ना याच्याबरोबर?"

मी हो म्हटलं, आणि काकांकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं, तर दोघांनाही रडू आवरलं नसतं.