मखमलचा वीस महिन्यांचा अहवाल

शर्यतीत कोणता घोडा जिंकणार हे सांगायला घोडा पाहावा लागत नाही, असं रकानेरावांनी एका रविवारी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं. घोडा पाहणारे लोक हरतात, कारण ते घोडा पाहतात. घोडा देखणा असतो, मान उडवतो, शेपटी हलवतो आणि माणूस भुलतो. आकडा शेपटी हलवत नाही.

हे ज्यांना ऐकवलं जात होतं, त्या त्यांच्या सासऱ्यांनी शर्यतीच्या मैदानावर चाळीस वर्षं घोड्यांना नाल मारले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "असेल."

"असेल नाही, अप्पा. आहे. तुमचा अनुभव म्हणजे काय? नीट न मांडलेली आकडेवारी."

"असेल," अप्पा पुन्हा म्हणाले. चाळीस वर्षं लाथा मारणाऱ्या जनावरांच्या मागच्या पायांशी बसलेला माणूस जावयाच्या बोलण्याने हलत नाही.

रकानेराव हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात ते अहवाल विभागाचे प्रमुख होते आणि तिथे त्यांना सगळे याच नावाने ओळखत. परिपत्रक क्रमांक चौदा त्यांनीच काढलं होतं. अहवालातला एकही रकाना रिकामा राहता कामा नये. मीटर वाचायला गेलेल्या माणसाला घराला कुलूप दिसलं, तर रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहायचं, म्हणजे मागच्या महिन्याचा आकडा पुढे चालू. या परिपत्रकामुळे, पाडून सहा वर्षं झालेल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब आजही महिन्याला अठरा हजार लिटर पाणी पीत होतं. आकडा कमी नाही, जास्त नाही, एक तक्रार नाही. असे ग्राहक रकानेरावांना मनापासून आवडत.

या अहवालांची एकेक प्रत त्यांनी घरी आणून ठेवली होती. सव्वीस वर्षांच्या प्रती, सहा लोखंडी कपाटं. घराला आतली खोली एकच, आणि ती या कपाटांनी भरली होती. आठ महिन्यांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिल्यावर अप्पा लेकीकडे राहायला आले, तेव्हा त्यांची घडीची खाट बोळात पडली. एका बाजूला चपलांची मांडणी, दुसऱ्या बाजूला न्हाणीघराचं दार. न्हाणीघरात जाणारा प्रत्येक जण आधी अप्पांची क्षमा मागे आणि मग त्यांच्या पायांवरून जाई.

"अहो, अप्पांना आतली खोली द्या," बायको आठ महिने म्हणत होती.

"आणि अहवाल?"

"अहवालांना गुडघे नसतात."

त्या रविवारी आकड्याला शेपटी नसल्याचं ऐकून तिने हातातला कणकेचा गोळा परातीत आपटला. "बरं. पुढच्या महिन्यात मोसमाची शेवटची मोठी शर्यत आहे ना? काढा तुमच्या त्या अहवालांतून एक घोडा. जिंकला, तर कपाटं जन्मभर तिथेच राहू देत, मी शब्द काढणार नाही. हरला, तर सगळे कागद बाहेर आणि अप्पा आत."

"लावली पैज," रकानेराव म्हणाले.

"माझ्यावरून पैजा नका लावू," अप्पा म्हणाले.

"अप्पा, तुम्ही मधे पडू नका. यात तुमचं फक्त अंथरूण आहे."

दुसऱ्याच दिवशी कामाला सुरुवात झाली, म्हणजे रकानेरावांनी ते नोंदवाल्या बाईंना सांगितलं. बाईंची नोकरी सत्तावीस वर्षांची. एवढ्या काळात त्यांनी साहेबांची एकही आज्ञा मोडली नव्हती, आणि साहेबांवर सूड उगवायचा याहून खात्रीचा मार्ग अजून कुणाला सापडलेला नाही.

"बाई, या गेल्या वीस महिन्यांच्या शर्यतपुस्तिका. शेवटच्या शर्यतीत नऊ घोडे आहेत. प्रत्येकाचा दरमहा तक्ता हवा. चौदा रकाने. स्थान, वेळ, वजन, पायांची स्थिती, स्वभाव, सगळं."

"एखाद्या महिन्यात घोडा धावलाच नसेल तर, साहेब?"

"बाई, तुम्ही नवीन आहात का?"

"नाही, साहेब. परिपत्रक चौदा."

"शाब्बास."

तीन आठवड्यांनी एकशेबारा पानांचा अहवाल टेबलावर आला. रकानेरावांनी तो हातात घेऊन वजन पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि शेवटचं पान उघडलं. अहवाल वाचायचा नसतो, त्याचा सारांश वाचायचा असतो, हाही त्यांचाच दंडक होता. सारांशात आठ घोड्यांचे आकडे चढत होते, उतरत होते, खऱ्या घोड्यांचे असतात तसेच बेभरवशाचे होते. नवव्या ओळीत मखमल नावाची घोडी होती. सलग वीस महिने स्थान पहिलं. पायांची स्थिती उत्तम. स्वभाव शांत. दुखापत निरंक. पराभव निरंक.

रकानेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. हुबेहूब त्या दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबासारखी घोडी.

भाव विचारला, तर मखमलला एकास पन्नास. म्हणजे तिच्यावर लावायला कुत्रंसुद्धा तयार नव्हतं. दुसरा कोणीही इथे थबकला असता. रकानेरावांची मात्र छाती फुगली. सगळं जग मूर्ख आहे हा त्यांचा जुनाच संशय होता, आज त्याला पुरावा मिळाला होता.

घरी त्यांनी नाव सांगितलं तेव्हा अप्पा खाटेवर उठून बसले. "मखमल? ती धावतेय?"

"धावतेय म्हणजे काय? अप्पा, वीस महिन्यांत ती हरलेली नाही."

अप्पांनी बराच वेळ विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "ते खरं आहे," ते म्हणाले. "वीस महिन्यांत ती हरलेली नाही."

"पाहिलंस?" रकानेराव बायकोला म्हणाले.

"पण जावईबापू, एकदा तबेल्यात जाऊन तिचे पाय बघून या. जवळच आहे. मीही येतो, हळूहळू."

"पाय अहवालात आहेत, अप्पा. रकाना नऊ."

"हो, पण पोटही बघा."

"पोटाचा रकाना नाही."

अप्पा आडवे झाले. बापलेकीची नजरानजर झाली आणि त्या दिवशी बायकोने आतल्या खोलीच्या खिडकीसाठी पडद्याचं माप घेतलं. कपाटामागे खिडकी आहे हे रकानेराव विसरूनच गेले होते.

इथवर प्रकरण घरातलं होतं. पण एवढं मोठं ज्ञान एका माणसाच्या पोटात राहत नाही. रकानेरावांनी ते 'फक्त तुला म्हणून' रोखपालाला सांगितलं. रोखपालाने ते फक्त पाच जणांना सांगितलं. दोन दिवसांत मीटर वाचणारे, नळजोडणीवाले, दारावरचा पहारेकरी, सगळे एकमेकांना डोळा मारून 'शांत स्वभाव' म्हणू लागले. शेवटी खुद्द मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. सव्वीस वर्षांत रकानेरावांचा एकही अहवाल मोठ्या साहेबांच्या खोलीपर्यंत पोचला नव्हता. तो थेट कपाटात जाई.

"बसा, बसा," मोठे साहेब म्हणाले. "ते तुमचं घोडीचं कळलं. पक्कं आहे ना?"

"साहेब, पाणीपुरवठ्याचे आकडे ज्या पद्धतीने काढतो, त्याच पद्धतीने काढलंय."

मोठे साहेब या कार्यालयात एकोणतीस वर्षं होते. त्या एका वाक्यावर त्यांनी पळून जायला हवं होतं. पण एकास पन्नास हा भाव कानात शिरला की शेजारचं बाकी काही शिरत नाही.

शर्यतीच्या दिवशी दुपारी अख्खं कार्यालय 'मीटर तपासणी'साठी बाहेर पडलं आणि खात्याच्या गाडीतून मैदानावर पोचलं. प्रत्येकाने आपल्याला परवडेल तेवढं मखमलवर लावलं, मोठ्या साहेबांनी न परवडेल तेवढं. फक्त नोंदवाल्या बाईंनी काही लावलं नाही. त्या सावलीला बसून विणकाम करत होत्या.

शर्यतीआधी घोडे गोल फिरवून दाखवतात. गर्दी कठड्याला चिकटली. रकानेराव कठड्याकडे पाठ करून उभे राहिले. निष्ठेला काही अर्थ असतो की नाही?

"रकानेराव," मोठे साहेब म्हणाले, "ती नऊ नंबरची. जरा... भरलेली नाही का वाटत?"

"वजन रकाना चारमध्ये आहे, साहेब. बदल नाही."

"अहो, तिच्या खोगिराचा पट्टा दोघं मिळून ओढतायत."

"शांत स्वभाव," रकानेरावांनी डोळे मिटून सांगितलं.

सुरुवात झाली. आठ घोडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटले. नववी घोडी दार उघडल्यावर बाहेर आली, एखाद्या बाईने भाजीवाला आलाय का बघायला यावं तशी. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि निघाली. वरच्या जॉकीने चाबूक दाखवला. तिने तो नीट पाहून घेतला. आठ घोडे वळणावर पोचले तेव्हा ती आतल्या कठड्यापाशी थांबली होती. तिथलं गवत चांगलं होतं.

"ही तिची पद्धत असेल," रोखपाल क्षीण आवाजात म्हणाला. "आधी दुसऱ्यांना दमू देते."

आठही घोडे पोचले. घोषणा झाली. लोक घसा बसेपर्यंत ओरडले, गप्प झाले, चहा प्यायला गेले. पुढच्या शर्यतीचे घोडे बाहेर काढायची वेळ झाली तेव्हा मखमल शेवटच्या रेषेपाशी आली. जॉकी खाली उतरला होता आणि लगाम धरून पुढे चालत होता. दोघांमध्ये म्हणाल, तर तोच पहिला आला.

गाडीत परतताना मोठे साहेब एकदाच बोलले. "रकानेराव, त्या पाडलेल्या इमारतीबद्दल उद्या मला भेटा."

संध्याकाळी बोळात खाटेवर बसून अप्पांनी जावयाला सगळं सांगितलं, अगदी हळुवारपणे, दुखऱ्या पायाला हात लावावा तसं. वीस महिन्यांपूर्वी एका शर्यतीत पुढचे दोन घोडे एकमेकांवर आदळले आणि मागून रमतगमत येणारी मखमल पहिली आली. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. त्यानंतर ती धावलीच नाही. मालकाच्या बागेत मुलांना पाठीवर घेऊन फिरत होती. या खेपेला तिला उतरवलं, कारण शेवटच्या शर्यतीत ज्याचा घोडा धावतो, त्याच्या घरच्यांना मैदानावर सावलीतल्या खुर्च्या आणि जेवण मिळतं.

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"पाय बघा म्हणालो होतो, जावईबापू."

दुसऱ्या दिवशी रकानेरावांनी कार्यालयात पाऊल ठेवल्या ठेवल्या एकशेबारा पानं उघडली. मखमलच्या तक्त्यात पहिल्या महिन्यासमोर 'पहिली' असं होतं आणि खाली एकोणीस वेळा, सुबक अक्षरात, 'वरीलप्रमाणे'.

"बाई, घोडी धावतच नाही हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं ना, साहेब."

"मग लिहिलं का नाहीत?"

"रकाना नव्हता," बाई म्हणाल्या आणि विणकाम पिशवीत ठेवलं.

बायको पैज विसरेल अशी एक अंधुक आशा होती. दुपारी ते घरी आले तेव्हा कपाटं उघडी होती आणि दारात तबेल्याची हातगाडी उभी होती. अप्पांच्या जुन्या ओळखीच्या तबेलेवाल्याला कागद हवेच होते. बारीक फाडले की घोड्याखाली अंथरायला गवतापेक्षा बरे, धूळ कमी उडते. सव्वीस वर्षांचे अहवाल चार खेपांत गेले. कपाटं हलली आणि खोलीत उजेड आला. अप्पांनी खिडकीशी खाट लावून घेतली, त्यावर पाय पसरले आणि कुणाचीही क्षमा न मागता झोपून गेले.

पाचव्या दिवशी मोठ्या साहेबांचा शिपाई धावत आला. त्या पाडलेल्या इमारतीची वरून चौकशी लागली होती. सहा वर्षांपूर्वीचा मूळ अहवाल ताबडतोब हवा होता. कार्यालयातली प्रत वाळवीने खाल्ली होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी रकानेरावांकडे अहवाल मागितला होता.

अप्पांना सोबत घेऊन ते तबेल्यात गेले, हळूहळू. शेवटच्या कप्प्यात गुडघाभर आकडेवारीत मखमल उभी होती. रकानेराव वाकून तुकडे चाळू लागले. अठरा हजार लिटर सापडले, पण कुणाचे ते कळेना.

"थोडी सरकेल का ही?"

"विचारून बघा," अप्पा म्हणाले.

मखमल सरकली नाही. उलट गुडघे दुमडून सावकाश खाली बसली आणि तिने समाधानाने एक मोठा सुस्कारा सोडला. रकानेरावांनी आयुष्यात पहिल्यांदा एका घोड्याचे पाय नीट पाहिले. खरोखरच उत्तम स्थितीत होते. रकाना नऊ बरोबर होता.

कार्यालयाच्या वार्षिक पत्रकात 'अहवालांचा प्रत्यक्ष उपयोग' असा एक रकाना असतो. सव्वीस वर्षांपूर्वी रकानेरावांनी तिथे 'अपेक्षित' असं लिहिलं होतं आणि पुढे दरवर्षी बाई 'वरीलप्रमाणे' लिहीत आल्या होत्या. यंदा पत्रक आलं तेव्हा बाईंनी ते साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी पेन उचललं, खिडकीबाहेर पाहिलं आणि इमानदारीने लिहिलं, 'अंथरूण.'

पुढच्या वर्षाचा रकाना बाईंनी तिथल्या तिथे भरून टाकला.