रोवणीतली हार्डटेल

"मागच्या चाकाला शॉकर नाही, हाच तर हिचा गुण आहे," संघदीपने पुन्हा एकदा सांगितलं.

गोंदियाच्या त्या सायकल दुकानात तो सकाळपासून उभा होता. त्याची बायको रचना स्टुलावर बसली होती. दुकानदार योगराजभाऊंनी एकेक करून सगळ्या सायकली फुटपाथवर काढल्या होत्या आणि आता त्यांना स्वतःलाच दुकानात शिरायला जागा उरली नव्हती.

"मास्तर, पूरी पब्लिक डबल शॉकर मागते," योगराजभाऊ म्हणाले. "तुमी सिंगल घेऊन गेले तर लोक म्हनतीन, दुकानदारानं फसवलं."

"पायडल मारला की मागची स्प्रिंग आपला जोर खाते, भाऊ. पुढं शॉकर, मागं कडक. यालाच हार्डटेल म्हणतात. डांबरीवर पळते, जंगलाच्या वाटेवर टिकते."

"अजी," रचना म्हणाली, "मले पाहाले आले होते तवा चहा थंडा व्हायच्या आंदीच हो म्हनलं होतं. सायकलीले एवढं काय पाहून राहिले?"

संघदीप हसला नाही. हा त्याच्यासाठी हसण्याचा विषय नव्हता. त्याची शाळा नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला होती. सडक अर्जुनीच्या घरून निघालं की थोडा डांबरी रस्ता, मग नहराची, म्हणजे कालव्याची, पाळ, आणि शेवटी मुरूम, दगड नि झाडांच्या मुळ्यांनी भरलेली वाट. मागच्या पावसाळ्यात त्याच वाटेवर त्याची मोटारसायकल घसरली होती. खांद्याजवळचं हंसळीचं हाड मोडून तो कितीतरी वेळ तिथंच पडून होता. शेवटी एका गुराख्याने त्याला पाहिलं. त्यानंतर रचनाने मोटारसायकल विकायला लावली. ती जास्त काही बोलली नव्हती. फक्त संध्याकाळी त्याला यायला जरा उशीर झाला की तिचा हात कशात चालत नसे. म्हणून या वेळी निवडीत चूक करायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. टायर किती रुंद, ब्रेक कसले, फ्रेम किती उंच, हे सगळं त्याने मोबाइलवर पाहून पाठ केलं होतं.

शेवटी एका काळ्या सायकलीवर त्याचं मन बसलं.

"चौकातून एक चक्कर मारून या," योगराजभाऊ सुटकेच्या आवाजात म्हणाले.

"चौकात नुसतं डांबर आहे. मला कच्ची वाट पाहिजे."

"मग जरा पुढे जा. पर जल्दी या, मास्तर. नवा माल आहे."

"माझी बायको इथंच आहे ना," संघदीप म्हणाला आणि निघाला. तारण ठेवल्यासारखा आपला उल्लेख झालेला रचनाला आवडला नाही, पण तोवर तो वळणापलीकडे गेला होता.

बिरसीच्या रस्त्याला लागल्यावर सायकल अशी पळू लागली की डांबर संपलं कधी ते त्याला कळलं नाही. मुरमाची वाट आली. पुढचा शॉकर खाली-वर होत होता आणि हातांना झटका म्हणून बसत नव्हता. नहराची पाळही सहज पार झाली. आता तपासायची राहिली फक्त अरुंद वाट. बाजूला धानाच्या बांध्या होत्या, पाण्याने भरलेली भातखाचरं. त्याने सायकल सरळ दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर घातली.

समोरून डोक्यावर परह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या घेतलेल्या बाया येत होत्या. संघदीपने ब्रेक दाबला. अशा वेळी नुसता पुढचा ब्रेक दाबू नये, हे त्याने वाचलेलं होतं. पण वाचलेलं बोटांपर्यंत पोचायच्या आत सायकल पुढच्या चाकावर उभी राहिली आणि तो तिच्यावरून नुकत्याच रोवलेल्या बांधीत तोंडघशी गेला.

बायांनी आधी सायकल बाहेर काढली. मग त्याला. मोबाइल चिखलाने भरून बंद पडला होता आणि चष्मा कुठं गेला ते दिसायला चष्माच नव्हता.

बांधीची मालकीण देवकाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. बिरसीच्या विमानशाळेचं एक छोटं विमान डोक्यावर घिरट्या घालत होतं. तिने विमानाकडे पाहिलं, मग संघदीपकडे.

"वर ते शिकून राहिले, खाली तू शिकून राहिला. माह्या रोवन्याचा सत्यानाश केला ना, बाप्पा!"

"चुकलं, मावशी. मी लावून देतो."

"तुले येते का?"

"लहानपणी करत होतो."

"मंग उतर."

संघदीप पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुन्हा चिखलात उतरला. त्याची ओळ वाकडी जाई आणि देवकाबाई ती उपटून परत लावायला लावी.

इकडे दुकानात योगराजभाऊंनी रचनाला एकदा चहा दिला, मग दुसऱ्यांदा दिला. फोन लागत नव्हता.

"भाभी, बुरा मत मानना," ते अवघडून म्हणाले, "मास्तरनं आंदी कधी असं केलं का?"

पण रचनाच्या डोळ्यांपुढे सायकल नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे मागचा पावसाळा होता. तिने उठून समोर दिसली ती लाल सायकल ओढली. "मी पाहून येतो."

"भाभी, रुका! तुमाले येते का?"

माहेरी असताना ती रोज सायकलनेच शाळेत जाई. लग्नानंतर मात्र ती कायम मागच्या सीटवर बसली होती. तिने ओढणी कमरेला बांधली आणि पायडल मारला. दुसरी सायकलही हातची चालली, हे पाहून योगराजभाऊ स्कूटर काढून मागे धावले. मुरमापर्यंत ते तिच्या मागे होते. नहराच्या पाळीवर त्यांची स्कूटर रुतली.

रचना विचारत विचारत धुऱ्यावर आली. बांधीत वाकलेल्या चिखलाच्या माणसाला तिने न थांबताच विचारलं, "का जी, इकडून एक चष्मेवाला गेला का सायकलीवर?"

संघदीपने मान वर केली. चष्म्याशिवायही त्याने तिला ओळखलं. ती त्या अरुंद धुऱ्यावरून, एकदाही न डगमगता, सरळ पुढे जात होती.

"कोन होय ते?" देवकाबाईने विचारलं.

"माझी बायको."

"मंग हाक मार ना तिले! तुलेच शोधून राहिली."

"जरा जाऊ द्या, मावशी," संघदीप म्हणाला. "मस्त चालवून राहिली."

देवकाबाईला हे पटलं नाही. तिने हाक मारली. रचनाने धुऱ्याच्या टोकाला, पाय खाली न टेकता, सायकल वळवली आणि परत आली. या वेळी तिने त्या माणसाकडे नीट पाहिलं.

"लागलं का?"

"नाही."

"खरं सांगा. खांदा हलवून दाखवा."

त्याने दोन्ही खांदे हलवून दाखवले. तिने मोठा श्वास सोडला. तेवढ्यात योगराजभाऊ चपला हातात घेऊन धापा टाकत पोचले. त्यांनी चिखलाने माखलेली काळी सायकल पाहिली, मास्तरांना पाहिलं, आणि मटकन धुऱ्यावर बसले.

"भाऊ, हे लाल कोनती होय?" रचनाने विचारलं.

"तेच, भाभी. हार्डटेल. फक्त फ्रेम छोटी आहे."

"रचना, हिचे टायर जरा अरुंद आहेत," संघदीप बांधीतून म्हणाला. "आधी नीट पाहून—"

"तुमी रोवना पुरा करा," रचना म्हणाली आणि पुन्हा सीटवर बसली. "तोवर मी बिरसीपर्यंत जाऊन येतो."