डॉक्टरांचा मेन स्विच

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारचे व्यंकटराव डॉक्टर रोज संध्याकाळी सात वाजता जिन्याखाली जायचे आणि आपल्याच घराचा मेन स्विच खाली ओढायचे. लगेच आतून काकूंचा आवाज यायचा, "पाडला का? पाडलाच! आता अर्धं वाटण काय मी तोंडानं वाटू?" लातूरच्या उन्हाळ्यात लाईट जाऊ नये म्हणून माणसं देव पाण्यात घालून बसतात आणि हा गृहस्थ असलेली लाईट घालवत होता. इन्व्हर्टरवर बैठकीतला दिवा, एक पंखा आणि नेटचा डबा एवढंच चालायचं. काकू अंधाऱ्या स्वयंपाकघरात चरफडायच्या आणि डॉक्टर मोबाईलसमोर खुर्ची ओढून बसायचे.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. हे आधीच सांगून टाकते, कारण कॉलनीत नवीन आलेलं एखादं माणूस पाटी बघून खोकला दाखवायला जातं आणि डॉक्टर त्याला अंगणात चालून दाखवायला लावतात. मी नांदेडहून लग्न होऊन इथं आले, तेव्हा पहिल्याच दिवशी ते माझ्या सासूबाईंना म्हणाले होते, "सूनबाई चांगली निवडलीत. चाल सरळ हाय, डोळ्यात तेज हाय." दात तेवढे बघितले नाहीत.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचं तत्त्वज्ञान तेच. "जनावर बोलत न्हाई. आपण वळखायचं." स्कूटर सुरू होईना की तिच्या पोटावर हात ठेवून म्हणणार, "गार पडलीय." आमचा कुकर शिट्टी देईना, तर सासूबाईंना सांगितलं, "पोटफुगी हाय, लांब सरा." फ्रिज घुरघुरायला लागला तेव्हा काकूंनी मेकॅनिक बोलवा म्हटलं. हे म्हणाले, "रवंथ करून राहिलाय. करू दे. खामखा कशाला उठवायचं?" मी शाळेत गणित शिकवते आणि माझ्याकडे लॅपटॉप आहे. एवढ्या भांडवलावर त्यांनी मला आपला कंपाउंडर नेमून टाकलं.

तर त्यांच्याकडे फायबरचं नेट आलं आणि काही महिन्यांनी ते आजारी पडलं. नेटवाले जावेदभाई आले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना लक्षणं सांगितली. "खातंय बरोबर. सिनेमे बघा, बातम्या बघा, भराभरा येतंय. पण टाकत न्हाई. सकाळी टाकतंय, दुपारी टाकतंय, सांजच्याला कोंडतंय."

"डॉक्टरसाहेब, हे नेट हाय. म्हैस न्हाई," जावेदभाई म्हणाले.

"म्हशीला निदान वैरण बदलून बघता येती."

जावेदभाईंनी मोबाईलवर स्पीड तपासला. येण्याचा, म्हणजे डाउनलोडचा, उत्तम; जाण्याचा, म्हणजे अपलोडचा, तोही उत्तम. दुपारचे तीन वाजले होते. ते गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "दवाखान्यात आणलेलं जनावर बी असंच शहाण्यावानी उभं राहतंय." मग त्यांनी जावेदभाईंना चहाच्या निमित्तानं सातला बोलावून घेतलं. तेव्हा मात्र जाण्याचा स्पीड खरंच रडत होता. जावेदभाईंनी डबा बदलला, खांबापासूनची वायर बदलली आणि शेवटी, संध्याकाळी सगळी कॉलनी नेटवर बसते, लोड येतो, असं सांगितलं. डॉक्टरांनी मला लॅपटॉपसकट भिंतीवरून हाक मारली. आमचंही नेट जावेदभाईंचंच, वेळ तीच, आणि आमच्याकडे सगळं सुरळीत. "बघा," डॉक्टर म्हणाले, "रोग ह्याच गोठ्यात हाय."

मग त्यांनी साथीचे नियम लावले. साताच्या आत काकूंचा मोबाईल बंद करून पत्र्याच्या डब्यात. टीव्हीचं नेट बंद. मी वाटीभर भाजी द्यायला गेले, तर मला फाटकात अडवलं. "मोबाईल घरी ठिवून या. लाळ-खुरकतीत पाहुण्याला बी गोठ्यात घेत न्हाईत." इतकं करूनही जनावर कोंडलेलंच.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं. डॉक्टरांचे थोरले भाऊ, आण्णा, देवणीजवळच्या गावी शेती आणि बैल सांभाळतात. आण्णांना जन्मापासून ऐकू येत नाही. शाळा नाही, अक्षर नाही. लहानपणी आई आणि दोघा भावांनी मिळून घरातल्या घरात हातांची एक बोली तयार केली. नाकाशी बोट नेलं, म्हणजे नथवाली, म्हणजे आई. दोन्ही हात कमरेवर, म्हणजे आमच्या काकू. आई गेल्यावरही दोघांचं बोलणं चालूच राहिलं. आधी डॉक्टर दर रविवारी एसटीनं जायचे. गुडघे गेल्यापासून रोज सातला व्हिडिओ कॉल. एरवी तोंडाला कुलूप न लागणारा हा माणूस अर्धा-पाऊण तास एक शब्द न काढता हातांनी बोलत बसतो आणि मध्येच खांदे हलवून हसतो.

तुमचं-माझं कॉलवर चित्र अडकलं तर आवाज तरी जातो. आण्णांना चित्र हाच आवाज. डॉक्टरांना आण्णा स्वच्छ दिसायचे. आण्णांना डॉक्टर दिसायचे नाहीत. बोटांचे चौकोन व्हायचे, वर गेलेला हात खाली यायचाच नाही. आण्णांना वाटायला लागलं की शहरात राहून धाकटा आता आपल्याशी अर्धवट बोलतो, हात राखून बोलतो. एक दिवस त्यांनी तळहात पुढे ढकलला आणि तोंड फिरवलं. ते मलासुद्धा कळलं. मागून त्यांच्या सुनेचा, मंगलचा आवाज आला, "काका, मामंजी म्हणून राहिलेत, बोलायचं नसलं तर फोन कशाला करता?"

त्या रात्री डॉक्टर जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वावटळ सुटली आणि साडेसहालाच लाईट गेली. डॉक्टरांनी तरी फोन लावला. मंगलनं कशीबशी समजूत घालून आण्णांना समोर बसवलं, आणि काय आश्चर्य, चित्र आरशासारखं! भाऊ भावाला बोटांच्या टोकापर्यंत दिसला. डॉक्टरांनी जागेवर निदान केलं: "ह्याला लाईट बाधतीय." दुसऱ्या दिवसापासून मेन स्विच पडायला लागला.

काकूंनी तोंडानं कितीही आदळआपट केली, तरी पंधरवडाभर सोसलं. दिराशी बोलणं आहे, म्हणून. पण मग रेणापूरहून त्यांची बहीण मुक्कामाला आली आणि काकूंनी जाहीर केलं, "आज पाडून तर बघा. मी हिच्यासोबत रेणापूरला निघून जाते." मेन स्विच वरच राहिला. सातला फोन लागला, डॉक्टरांच्या हातांचे पुन्हा चौकोन झाले आणि आण्णा उठून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनसमोर यायलाच नकार दिला.

तेव्हा डॉक्टर भिंतीपाशी आले. ना गोठा, ना वैरण, ना पोटफुगी. म्हणाले, "बाई, माझा इलाज संपला. तो रुसला की लई दिवस रुसतो. अन् आता त्याच्याजवळ बी लई दिवस न्हाईत, अन् माझ्याजवळ बी."

मी लॅपटॉप उचलला आणि साताला त्यांच्या घरी गेले. डोकं फार चालवावं लागलं नाही. मेन स्विच पाडला की बरं वाटतं, तर लाईटवर चालणारंच काहीतरी नेट खातंय. मी म्हटलं, "डॉक्टर, फोन एरवीसारखा स्टँडवर ठेवा. आण्णांना करू नका, नुसता ठेवा. आता एकेक प्लग काढू." काकूंच्या बहिणीनं फ्रिजचा प्लग काढला. काही फरक नाही. टीव्ही काढला, कूलर काढला, पाण्याचं फिल्टर काढलं. लॅपटॉपवर जाण्याच्या स्पीडचा आकडा जागचा हलेना. डॉक्टरांना जरा उभारी आली. "एकेक जनावर बाहेर काढून राहिलात. बरोबर हाय, असंच करत्यात."

शेवटी बैठकीत नेटचा डबा सोडून एकच प्लग उरला.

"तो राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "तो माझ्या मोबाईलचा चार्जर हाय."

मी तो उपटला. लॅपटॉपवरचा आकडा सरसर वर चढला. परत लावला, धाडकन खाली. परत काढला, वर. काकू कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघत राहिल्या.

डॉक्टर खुर्चीत बसले. "आयुष्यभर गावोगाव सांगत फिरलो, लाळ-खुरकत डॉक्टरच्या बुटातनं पसरती म्हणून. अन् सगळा गोठा तपासला, सवताचे बूट तेवढे न्हाई बघितले."

झालं होतं ते असं. हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या लेकानं नवा मोबाईल दिला आणि त्यातले फोटो-व्हिडिओ हरवू नयेत म्हणून ते आपोआप नेटवर साठवायची सोय करून दिली. मोबाईल चार्जिंगला असेल तेव्हाच ते काम चालायचं. दुसरा कोणी असता तर रात्रभर चार्जर लावून झोपला असता. पण डॉक्टरांचा मोबाईलही जनावरच. "दिवसातनं एकदा, ठरल्या वेळेला चारा. सारखं खाऊ घातलं की माजतं." ठरलेली वेळ कोणती, तर सात. कॉल संपला की चारा बंद. मेन स्विच पडायचा त्या पंधरवड्यात तेवढा चारा कॉलनंतर मिळायचा. म्हणजे रोज आण्णांसमोर बसायचं आणि नेमकं तेव्हाच मोबाईलनं मणभर ओझं त्याच वाटेनं वर ढकलायचं. वाट तुंबणार नाही तर काय!

पण फोटो न काढणाऱ्या माणसाच्या मोबाईलमध्ये एवढं ओझं आलं कुठून? मी उघडून बघितलं. आण्णा. पुन्हा आण्णा. रोजचा कॉल डॉक्टरांनी भरून ठेवला होता. आण्णा हसताहेत, आण्णा बैलाचं शिंग केवढं झालं ते हातानं दाखवताहेत, आण्णा नुसते बसलेत.

"हे कसं जमलं तुम्हाला?" मी विचारलं. खरं तर विचारायचं होतं वेगळंच.

"मंगलनं शिकवलं." काकू पाणी आणायच्या निमित्तानं बहिणीला घेऊन आत गेल्या. "हिवाळ्यात आण्णा आजारी पडला होता नव्हं, तवापासून भरून ठिवतो. बाई, मला सगळी दुनिया डॉक्टर म्हणती. ही 'अहो' म्हणती. लेक 'बाबा' म्हणतो. व्यंकट म्हणणारी सगळी गेली. आण्णा मला काय म्हणतो, ठाव हाय?" त्यांनी दोन बोटांनी स्वतःच्या कानाची पाळी धरली. "हे माझं नाव. लहानपणी रस्त्यानं चालताना मागून गाडी आली, कुणी हाक मारली, की मी त्याचा सदरा ओढायचो. मी त्याचा कान. तो गेला की ह्या नावानं मला हाक मारणारं कुणी न्हाई. तेवढं तरी राहावं की माझ्याजवळ."

गणिताच्या बाईंनी अशा वेळी काय करायचं असतं ते कुणी शिकवत नाही. मी मान खाली घालून मोबाईलची सेटिंग बदलत बसले. साठवायचं काम राहू दिलं, मोबाईलला फक्त दुपारचा चारा लावून दिला. संध्याकाळी प्लग लावायचा नाही, अशी डॉक्टरांकडून शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी सातला मी न बोलावता गेले. मेन स्विच वर होता आणि काकूंचा मिक्सर आत गरगरत होता. फोन मंगलनं उचलला. "काका, मामंजी गोठ्यात हायत. येत न्हाई म्हणत्यात."

"फोन गोठ्यात घेऊन जा, बाळ."

चित्र हलत हलत अंगण ओलांडून गेलं. आण्णा पाठमोरे होते, बैलाची पाठ चोळत. त्यांना हाक कशी मारणार? डॉक्टरांनी दोन्ही हात वर धरले आणि नुसते धरून ठेवले. मंगलनं सासऱ्यांची बाही ओढली. आण्णा वळले, रागानंच. मग त्यांनी डोळे बारीक केले, पडद्याजवळ तोंड आणलं आणि डॉक्टरांच्या बोटांकडे बघत राहिले. धोतराला हात पुसला. आणि हळूच आपल्या कानाची पाळी धरली.

"ओ!" डॉक्टर ओरडले, एवढ्या मोठ्यानं की काकूंनी मिक्सर बंद केला. "ओ, आण्णा! हाय की मी!"