ताठेश्वर महाराजांचा न वाकणारा फवारा

एका जंगलात एक हिरवळ होती. जंगलात हिरवळ असायचीच, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका. ही हिरवळ राजाची होती आणि तिच्यावर पाटी होती, ‘गवत खाऊ नये.’ त्या जंगलातली निम्मी प्रजा गवतच खायची.

झालं होतं असं, की तिथले सिंह ताठेश्वर महाराज शेजारच्या जंगलात एका लग्नाला गेले होते. तिथे त्यांनी फवाऱ्यांवर वाढवलेली हिरवळ पाहिली आणि घरी येऊन अन्नपाणी सोडलं. महाराजांनी जेवण सोडलं की हरणांना आनंद व्हायचा, पण दिवाणांना घोर लागायचा. दिवाण म्हणजे तरसोजी तरस. त्यांनी आठवड्याच्या आत गुहेसमोर हिरवळ करून दिली आणि तिच्यात बारा फवारे बसवले. राखणीला हरणं ठेवली, कारण गवतातलं त्यांना कळतं. बिचारी दिवसभर त्या गवताकडे बघत आवंढे गिळायची.

जंगलात पाइप कुठून आले, असं ज्याला विचारायचं असेल त्याने आत्ताच उठून जावं. सिंहाला दिवाण असतो हे तुम्ही मुकाट्याने ऐकून घेतलंत. मग पाइपांनीच तुमचं काय घोडं मारलंय?

तर, मुलांनो, त्या राजघराण्याचा एक बाणा होता. गुहेच्या तोंडाशी एक मोठी शिळा होती आणि तिच्यावर महाराजांच्या खापरपणजोबांनी कोरून घेतलं होतं, ‘मोडेन, पण वाकणार नाही.’ जंगलाने हे फार मनावर घेतलं होतं. वळसा घालून जाणं म्हणजेसुद्धा वाकणंच, असं तिथे समजत. नदीकाठची एक बोर जरा वाकडी वाढली, तर तिला दोनदा ताकीद मिळाली होती.

फवारेही या बाण्याला शोभतील असेच बसवले होते. कडक पाइपावर सरळसोट, जमिनीच्या वर चांगले वीतभर, मान ताठ.

रोज सकाळी सेनापती ढोलेराव हत्ती मुजऱ्याला यायचे. हिरवळीला वळसा घालणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते नाकासमोर चालायचे, आणि त्यांच्या उजव्या पायाखाली तिसरा फवारा यायचा. फवारा वाकायचा नाही. तो मोडायचा, आणि तोही वर नाही, खाली जमिनीत, जिथे तो पाइपाला जोडलेला असतो तिथे.

मग दिवाण जाहीर करायचे की फवाऱ्याला वीरगती प्राप्त झाली. त्याच्या नावाने वीरगळ उभा राहायचा. खालच्या चौकटीत मोडलेला फवारा, मधल्या चौकटीत हत्तीचा पाय, आणि सगळ्यात वर स्वर्गात पाणी उडवत बसलेला तोच फवारा. असे अकरा वीरगळ ओळीने उभे होते. सणासुदीला त्यांना शेंदूर लागायचा.

आता जमिनीखाली चला. तिसऱ्या फवाऱ्याच्या बरोबर खाली ठकूबाई घुशीचं बीळ होतं. हिरवळीच्या कितीतरी आधीपासून होतं, पण हे कोणी विचारलं नव्हतं. बिळात तिची पाच पोरं होती. बिळाला मागचं दार होतं, ते मात्र तिने मातीने लिंपून बंद ठेवलं होतं. ते कुठे उघडतं ते सांगतो, घाई करू नका.

फवारा मोडला की पाणी बिळात उतरायचं. ठकूबाई एकेक पोर तोंडात धरून बाहेर काढायची आणि शिळेवर वाळत ठेवायची. ‘मोडेन’वर दोन, ‘पण’वर एक, ‘वाकणार नाही’वर दोन. असं अकरा वेळा झालं. धाकट्याला खोकला लागला तो जाईना.

दुरुस्तीही तिच्याकडेच होती. एक तर तिला उकरता येत होतं. शिवाय दिवाणांच्या मते घर तिथेच असल्यामुळे तिला लांबून यावं लागत नव्हतं.

अकराव्या वेळी ठकूबाईचा संयम सुटला. तिने मोडका फवारा उकरून काढला आणि जोडात अडकलेला तुकडा दातांनी सोडवला. थोडं पाणी सोडून पाइपातली माती वाहून जाऊ दिली. मग फवारा आणि पाइप यांच्यामध्ये तिने हातभर मऊ, वाकणारी नळी घातली. पाणी गळू नये म्हणून जोडाच्या आट्यांना पांढरी टेप गुंडाळली, तळाशी खडी टाकली, फवाऱ्याचं डोकं जमिनीच्या बरोबरीने ठेवलं, ना वर ना खाली, आणि भोवतीची माती शेपटीने चोपून बसवली. इतकं नीटनेटकं काम त्या जंगलात पूर्वी झालेलं नव्हतं, त्यामुळे ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ढोलेराव आले. पाय पडला, फवारा किंचित खाली बसला. पाय उचलला, फवारा पुन्हा वर आला आणि कामाला लागला. बीळ कोरडं राहिलं. असे सात दिवस गेले. पोरं बिळात पकडापकडी खेळायला लागली आणि धाकट्याचा खोकला उतरणीला लागला.

आठव्या दिवशी ढोलेराव मुजरा अर्धवट टाकून थांबले. हत्तीच्या पायाला कळलेली गोष्ट डोक्यात पोचायला तेवढा वेळ लागतोच. ते खालच्या आवाजात म्हणाले, “महाराज, गेले सात दिवस हा फवारा माझ्यापुढे वाकतोय.”

दरबार गार पडला. ठकूबाईला बोलावणं गेलं. ती पाचही पोरं घेऊन आली, कारण ठेवणार कोणाकडे? महाराजांनी विचारलं, “ठकूबाई, फवारा वाकला हे खरं?”

“खरं आहे, महाराज. वाकला म्हणून तर मोडला नाही.”

दिवाणांनी कानांवर पंजे ठेवले. फवारा जिवंत राहिला, ही घराण्याच्या इतिहासातली पहिलीच नामुष्की होती. सात दिवसांत एकही वीरगळ उभा राहिला नव्हता. वीरगळ कोरणारा सुतारपक्षी रिकामा बसून स्वतःचीच चोच कोरायला लागला होता.

ठकूबाई म्हणाली की बाणा चांगलाच आहे, पण फवारा मोडला की पाणी तिच्या घरात येतं आणि लेकरं भिजतात. तिने धाकट्याला पुढे केलं. ते वेळेवर खोकलं.

महाराज हेलावले. खरंच हेलावले, मी खोटं कशाला सांगू? डोळे पुसून ते म्हणाले, “बाई, तुझ्या लेकरांचा त्याग हे जंगल विसरणार नाही. त्यांचेही पाच वीरगळ कोरून ठेवू. आत्ताच, आगाऊ.”

सुतारपक्ष्याने पोरांची मापं घेतली. आणि हुकूम सुटला, की नळी काढावी आणि फवारा पूर्वीसारखा कडक पाइपावर, वीतभर ताठ बसवावा.

ठकूबाईने हुकमाप्रमाणे फवारा बसवला, अगदी ओळंबा लावून. मग बिळात जाऊन पोरांच्या खोलीपुढे मातीचा उंच बांध घातला. आणि मागचं दार उघडलं.

घुशीचं बीळ एकतोंडी नसतं, मुलांनो. ठकूबाईचं मागचं दार महाराजांच्या गुहेत, थेट त्यांच्या अंथरुणाखाली उघडत होतं. आजवर तिने ते शेजारधर्म म्हणून लिंपून ठेवलं होतं.

सकाळी ढोलेराव आले. फवारा मोडला. दिवाणांचं भाषण झालं, लोकांचे डोळे भरून आले, बारावा वीरगळ उभा राहिला. दुपारी महाराज वामकुक्षीला आत गेले तर अंथरूण तरंगत होतं. अंथरूण बाजूला ओढणं म्हणजे माघार घेणं. महाराज तसेच पाण्यात निजले. बाणा म्हणजे बाणा.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही. ठकूबाई रोज संध्याकाळी फवारा ताठ करून द्यायची, ढोलेराव रोज सकाळी त्याला वीरगती द्यायचे. वीरगळ चौदा झाले. चौथ्या दिवशी महाराजांनी डरकाळी फोडायला जबडा उघडला आणि त्यातून शिंक निघाली. हरणं पळाली नाहीत. उलट एक म्हातारी हरिणी ‘शतंजीव’ म्हणाली, आपण लहान मुलांना म्हणतो तसं.

महाराजांनी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि ठकूबाईला एकटीला आत बोलावलं.

“ते मधलं,” ते म्हणाले. “नळीचं. ते पुन्हा बसवता येईल?”

“येईल की. पण फवारा वाकेल, महाराज.”

“वाकलेला कुठे दिसेल?”

“कुठेच नाही. नळी जमिनीखाली असते.”

महाराजांनी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच पुन्हा शिंकले.

संध्याकाळपर्यंत बाराच्या बारा फवाऱ्यांना नळ्या लागल्या. डोकी जमिनीच्या बरोबरीने आली. ठकूबाईने मागचं दार पुन्हा लिंपून टाकलं. ढोलेरावांना सांगण्यात आलं की फवारे वाकत नाहीत, दबा धरून बसतात. ते त्यांना पटलं.

शिळेवरचा मजकूर अजून तसाच आहे. फक्त त्याखाली सुतारपक्ष्याने बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली आहे, ‘जमिनीखालचं वाकणं धरू नये.’ ती ओळ कोणाला फारशी दिसत नाही, कारण तिच्यावर धाकटं ऊन खात बसलेलं असतं. त्याचा खोकला गेला. त्याचा वीरगळही तयार आहे, पण सध्या तो ठकूबाई दाराला टेकू म्हणून वापरते.

तात्पर्य : ‘मोडेन, पण वाकणार नाही’ हा बाणा प्रत्येकाने जरूर बाळगावा. मात्र मोडण्यापूर्वी खालचं बीळ दुसऱ्याचंच आहे ना, एवढी खात्री करून घ्यावी.